ज्या घरी साहेब चहा पितात

चहा सोडला त्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी मनाई केली, असं मी घरी सांगितलं आहे. सोयऱ्यांमध्ये सांगतो की पित्त होतं. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पूर्ण खरं काय ते आजवर कुणी विचारलंच नाही. आता दिवाळी अंकवाल्यांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली आहे, तर एकदाचं लिहून मोकळा होतो. चकलीसोबत वाचायला हे फारसं बरं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भंडारा जिल्ह्यात मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. तंत्रज्ञ म्हटलं की लोकांना यंत्र आठवतं. माझं यंत्र म्हणजे खिशातलं बॉलपेन. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचं, पेनाचं टोक हलकेच टेकवायचं आणि कुठं टेकलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. दंडावर टेकवलं की बोट बरोबर दंडावर येई. चट्ट्यावर टेकवलं की बोट हवेतच थांबे. तिथंच मला कळायचं. रोग्याला कळायचं ते डोळे उघडल्यावर, माझं तोंड बघून. सगळ्या नोकरीत हे तोंड काही मला सांभाळता आलं नाही. खेड्यांत मला चट्टेवाले साहेब म्हणत. बायको माहेरी ‘आरोग्य खात्यात आहेत’ एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

औषधाचं म्हणाल तर सोपं असतं. महिन्याला गोळ्यांचं एक पाकीट, कुणाला सहा महिने, कुणाला बारा. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला रोग लागत नाही, आणि पाकिटं पूर्ण झाली की रोग बरा होतो. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की झोपेतही म्हणतो, असं घरून कळतं. पण बरा झालेला माणूस रात्री झोपतो का, चार माणसांत जातो का, हे विचारायला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आणि रकान्याबाहेरचं विचारावं एवढी अक्कल मला फार उशिरा आली.

नवीन असताना तुमसरकडच्या एका म्हाताऱ्याला मी पहिला डोस दिला आणि त्या गोळीनं लघवी लाल होते हे सांगायचंच विसरलो. दुसऱ्या दिवशी त्या बाजूनं जाताना बघतो तर अंगणात ही गर्दी. पोरं परगावाहून आलेली, लेकी रडताहेत, म्हाताऱ्यानं शेताच्या वाटण्या तोंडी करून टाकलेल्या. मला बघून म्हणाला, ‘‘साहेब, रक्त जाऊन राहिलं.’’ आणि मी हसलो. सुटकेचं हसू होतं ते, पण त्याला काय माहीत? मरणाच्या तयारीनं निजलेल्या माणसापुढं हसायचं नसतं, हे प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. म्हातारा बरा झाला. वर्षभर दर महिन्याला हात पुढं करायचा, गोळी गिळायचा आणि एक शब्द न बोलता आत जायचा.

दुसरा पुरुषोत्तम. लाखनीला हमरस्त्यावर त्याचं किराणा दुकान होतं, ट्रकवाले थांबायचे. उपचार संपले, हात चांगले राहिले. तरी दर आठवड्याला यायचा, ‘‘एकदा पाहून द्या ना जी.’’ मी कंटाळलो. त्याला पेनाची युक्ती शिकवली आणि म्हटलं, तुझं तूच बघत जा, माझ्यामागं भुणभुण नको. त्यानं ती शिकवणी मनावर घेतली. सकाळ-संध्याकाळ बघू लागला. पेनानं खात्री होईना म्हणून सुई, सुईनं होईना म्हणून उदबत्ती. सहा महिन्यांनी दुकानात गेलो तर दोन्ही हातांवर उदबत्तीच्या टोकाएवढे काळे डाग. सगळे चांगल्या कातडीवर. प्रत्येक डाग दुखला होता आणि तरी त्याला खात्री पटली नव्हती. त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिथं कळलं, वर्षभर तो धड झोपलाच नव्हता. मी त्याला कटकट्या समजत होतो.

पण लिहायला बसलो ते चहासाठी.

माझी एक पद्धत होती, आणि तिचा मला फार तोरा होता. कुष्ठरोग्याच्या घरी लोक पाणी पीत नाहीत, म्हणून मी तिथं मुद्दाम चहा प्यायचो. तोही छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असा बसून. जरा मोठ्यानं बोलायचं, कप उंच धरायचा, लोकांनी बघितलं पाहिजे. दिवसाला चार-पाच रोगी म्हणजे चार-पाच कप. पोट तेवढंच, म्हणून बाकीच्या घरी ‘आत्ताच झाला’ म्हणून नाही म्हणायचो. नव्या पोरांच्या प्रशिक्षणात मी हे रंगवून सांगत असे. एका बैठकीत यासाठी माझा शाल देऊन सत्कारही झाला. शाल अजून आहे, बायको तिच्यात वाळवणाचे डबे बांधते.

लाखनीच्या आसपासचं एक गाव. नाव सांगत नाही. त्या गावातलं जे सांगायला नको होतं ते मी एकदा सांगून बसलो आहे. तिथं सायत्राबाई होती. चाळिशीची, नवरा तानबा, मुलगी लग्न होऊन बपेऱ्याला दिलेली. ही बाई रोवण्याच्या टोळीची म्होरकी होती. आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, बायकांच्या टोळ्या गुत्त्यानं, ठेका ठरवून, घेतात. मालकाशी बोलणार सायत्राबाई, कुणी कुठं उभं राहायचं ते ठरवणार सायत्राबाई, आणि दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सगळ्या जेवायला बसल्या की मधोमध बसणार सायत्राबाई. प्रत्येकीनं आपली शिदोरी सोडायची आणि डबा फिरवायचा, जिला जे आवडेल ते तिनं घ्यायचं. तिच्या लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा तिच्याकडे कधी भरलेला परत येत नसे.

तिच्या पाठीवर चट्टे होते आणि उजवा तळपाय बधिर. बारा पाकिटांचा उपचार. हे फक्त तानबाला माहीत होतं. घरी येऊ नका, ही तिची पहिली अट. बाजाराच्या दिवशी लाखनीला यायची, कांदेवाल्यांच्या मागच्या बोळात पाकीट घ्यायची आणि पिशवीत वांग्यांच्या खाली घालायची. गोळ्यांनी अंग काळवंडतं. बायकांनी विचारलं तर उन्हाचं नाव सांगायची.

बधिर पायाचं एक सांगतो, पुढं लागणार आहे. त्या पायाला काटा कळत नाही, काच कळत नाही. माणूस तसाच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. अशा पायावर चिंधी बांधलेली दिसली की आम्ही पहिल्यांदा बघतो, चिंधी कोरडी आहे की ओली. कोरडी असेल तर ओरखडा. ओली असेल तर पाय जायच्या वाटेवर आहे. म्हणून मऊ रबराची चप्पल देतात. ती सायत्राबाईनं हातात घेऊन उलटीपालटी केली आणि परत दिली. ‘‘साऱ्या गावाले वळखू येते जी ही चप्पल.’’ मग मी बाजारातून एक छोटा गोल आरसा घेऊन दिला. रोज सांजेला पाय धुवायचा, आरसा जमिनीवर ठेवायचा, त्यावर तळपाय धरून बघायचा. हे तिला पटलं. म्हणाली, ‘‘तोंड नाही पायत मी, आता पाय पायतो.’’

आठ पाकिटं अशी नीट गेली. मग ती लागोपाठ दोन बाजार आली नाही. रोवण्याचे दिवस होते, ती कामात होती, एवढंच. पण पाकीट चुकलं की घरी जायचं हा नियम, आणि मी नियमाचा माणूस. दुसऱ्याच्या नावानं निरोप देता आला असता. दवाखान्याचं काही भलतंच निमित्त काढता आलं असतं. मला त्यातलं काही सुचलं नाही. सरळ तानबाच्या छपरीत जाऊन बसलो.

संध्याकाळची वेळ, बायका बांध्यांवरून, धानाच्या शेतांवरून, परतत होत्या. सायत्राबाई मला बघून दारातच थबकली. पाय चिखलानं भरलेले. पण दारात आलेल्या माणसाला तसं कसं पाठवायचं, म्हणून आत गेली आणि चहा टाकला. कप माझ्या हातात देताना तिची नजर रस्त्यावर होती. मला वाटलं, लाजते. तिला धीर यावा म्हणून मी आवाज चढवला. ‘‘वा सायत्राबाई, असा चहा लाखनीत मिळत नाही,’’ म्हटलं, आणि आणखी एक कप मागितला. रस्त्यावरच्या बायका चालता चालता हळू झाल्या. मला फार बरं वाटलं. आज चांगलं काम झालं, असं परतताना फटफटीवर मनात म्हटल्याचंही आठवतं.

पुढच्या आठवड्यात त्याच गावी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं. बसा म्हणाला, चिलीम विझवली आणि म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या घरी तुमी कधी चहा नाही पेले.’’

मी म्हटलं, ‘‘राग आला का बाबा?’’

‘‘राग कायले येते जी? बेस झालं म्हणून सांगून राहिलो. तुमी जेथी चहा पेता तेथी तो रोग असते. लेकराबाराले मालूम हाये.’’ मग त्यानं माझ्यापुढं दोन बोटं धरली. ‘‘तानबाकडं तं तुमी दोन कप पेले.’’

इतकी वर्षं गावोगाव मी कप उंच धरून कुणाकुणाची नावं पुकारत हिंडलो होतो, ते एकेक घर डोळ्यांपुढून जाऊ लागलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. मी इलाज काढला. साऱ्याच घरी चहा प्यायलो तर खूणच पुसली जाईल, असा हिशेब करून दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. न बोलावता छपरीत बसायचं आणि चहा मागायचा. सात घरं झाली. आठव्या घरची बाई म्हणाली, चूल विझली जी. तिच्या छपराच्या कवेलूंतून धूर निघत होता. नवव्या घरचं दार मी अंगणात येताच लागलं. दहाव्या घरापाशी सरपंच मोटरसायकलवर आले. ‘‘साहेब, साऱ्या गावाले रोगी करून सोडता काय? पोरींचे लग्न जमाचे हायेत.’’ ज्या सात घरी चहा झाला होता त्यांतली दोन माणसं त्यांच्यामागं उभी होती, आणि चेहऱ्यावरून ती चहाचे पैसे मागायला आलेली नव्हती. मी हात जोडले आणि निघालो. लाखनीच्या बसस्टँडवर सातही कप उलटून पडले. पित्ताची कथा तेवढी तिथून सुरू होते.

सायत्राबाईला टोळीत कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी जाऊन भाषण ठोकलं असतं, ते मला येतं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवताना तिच्या दोन्ही बाजूंना जागा सुटू लागली, एवढंच. दुपारी तिचा वड्यांचा डबा सगळ्यांपुढून फिरला आणि होता तसा भरलेला परत आला. तिसऱ्या दिवशी ती बांधीवर पोचली तर टोळी दुसऱ्याच मालकाकडे गेली होती. गुत्ता ठरला होता आणि तिला कुणी कळवलं नव्हतं.

हे मला तानबानं सांगितलं. मी गेलो तेव्हा ती घरात नव्हती, मागं गुरांच्या कोठ्यात होती. तिथं एका कोपऱ्यात तिची चटई, तिचं ताट, तिचा गिलास. घरात कुणी तिला वेगळं काढलं नव्हतं. तानबा शपथेवर सांगत होता, बिचारा रोज ताट घरात नेऊन ठेवायचा आणि ती रोज परत आणायची. नातवाला घेऊन लेक आली तर ही बाई त्या लेकराला दारातून बघायची. मी माझं वाक्य म्हटलं, रोग लागत नाही, तू बरी होत आहेस. ती गुरांना चारा टाकत राहिली. मग मी नोकरीत पहिल्यांदा एखाद्या रोग्याला विचारलं, झोप लागते काय?

‘‘डोरा लागला का धुरा दिसते,’’ ती म्हणाली. ‘‘साऱ्याजनी जेवून राहिल्या, अन् मी डबा घेऊन उभी.’’ मग चारा सारत म्हणाली, ‘‘मले रोगाचं भेव नाही वाटत जी. जेवनाच्या सुट्टीचं भेव वाटते.’’

मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ, भंडाऱ्याला मी सोबत येतो, असं मी म्हटलं. तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. ‘‘तेथी बी चहा पेता काय तुमी?’’

माझं चुकलं, एवढंच मी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘तुमी चहाच पेले जी. म्याच तं देला.’’

उरलेली पाकिटं तानबा नेत राहिला. बारावं संपलं तेव्हा मी कार्डावर ‘उपचार पूर्ण’ लिहून तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं ते विचारून घेतलं आणि म्हणाली, ‘‘हे धुऱ्यावर वाचून दाखवू काय?’’ आमच्या यादीतून तिचं नाव त्या महिन्यात कमी झालं. बरे झालेल्यांच्या आकड्यात ती एक झाली. पुढच्या रोवण्याआधी तिनं गाव सोडलं. बपेऱ्याला लेकीकडे गेली, एवढंच तानबा म्हणाला. दिवाळीला येते, चार दिवस राहते, बाहेर निघत नाही.

मी चहा तेव्हापासून सोडला. त्यानं काय साधलं म्हणाल तर काही नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर दोन पावसाळ्यांनी बपेऱ्याकडं जाणं झालं. बायकोच्या मामेभावाकडे काही कार्य होतं. दुपारचं जेवण होऊन मी पाय मोकळे करायला निघालो, डोक्यावर टोपी, हातात छत्री. बांध्यांत रोवणा चालला होता. एका धुऱ्यावर बायकांची टोळी जेवायला बसली होती, दहा-बारा जणी, गुडघ्याला गुडघा लावून. मधोमध नाही, पण मधलीच्या शेजारी सायत्राबाई. केस पिकले होते. कुणीतरी तिच्या डब्यातून वडी उचलत होतं.

तिनं मला बघितलं आणि तिचा घास हातातच राहिला.

ज्या माणसानं आयुष्यभर दिसेल त्याला मोठ्यानं हाक मारली, त्यानं त्या दिवशी तोंड बंद ठेवलं. याची शाल मात्र मला कुणी दिली नाही. मी चालत राहिलो. पण धुरा अरुंद, जायचं तर त्यांच्या बाजूनंच. म्होरकी होती ती म्हातारी म्हणाली, ‘‘कोन जी भाऊ तुमी?’’ मी म्हटलं, बियाणेवाला, पुढल्या बांधीत जातो आहे. मालकानं चहाची किटली पाठवली होती. म्हातारीनं कप भरून पुढं केला, घ्या भाऊ घोटभर. सायत्राबाई माझ्याकडे बघत नव्हती. त्या कपाकडे बघत होती.

‘‘चहा सोडला मी,’’ मी म्हटलं.

‘‘सोडला म्हणते,’’ म्हातारी बाकीच्यांना म्हणाली, ‘‘आमच्या हातचा चालत नसन साहेबाले.’’ बायका हसल्या. सायत्राबाईनं घास तोंडात घातला.

तेवढ्यात मला तिचा पाय दिसला. उजवा. चिखलातून काढून धुऱ्यावर पसरलेला, आणि अंगठ्याच्या मागं तळव्याला चिंधी बांधलेली. सगळ्या अनवाणीच होत्या, रोवण्यात कोण चप्पल घालतं? तिनं पदर ओढून पाय झाकला नाही. झाकला असता तर शेजारणीनं बघितलं असतं.

मला तिथं बसून ती चिंधी सोडायची होती. चिखलात आणखी पंधरा दिवस हा पाय राहिला तर काय होतं हे त्या धुऱ्यावर मला एकट्यालाच माहीत होतं. आणि मी काय केलं? साऱ्या टोळीला उद्देशून, बियाणेवाल्याच्या आवाजात म्हटलं, ‘‘बाई, या बांध्यांत काचा फार आहेत. सांजेला पाय धुऊन पाहत जा सगळ्याजणी.’’

‘‘आरशात पाहू काय जी?’’ सायत्राबाई म्हणाली. मान वर न करता.

पाय पाहायला आरसा, म्हणून सगळ्या खो-खो हसल्या. मी पुढं निघालो. मागं बराच वेळ हसू येत राहिलं, त्यात तिचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. तिनं मला उत्तर दिलं की चार बायकांसोबत एका परक्या माणसाची थट्टा केली, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. आरसा तिनं जपला असेल, असं मी धरून चालतो. दुसरं काय धरणार?

चिंधी कोरडी होती की ओली, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी दोन पावलं जवळ जावं लागलं असतं.